बाकासकट टेबल

मालन रामा शेंडगे यांच्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या बुधवारी, दुपारी साडेतीन वाजता, आमच्या गावच्या सभागृहात. अन्याय करायला पाच जण आले होते. त्यांतल्या एकाच्याही मनात त्या बाईबद्दल वाईट काही नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते, कारण गावात अजून तोच बचाव चालतो. गाव बारामती तालुक्यातलं, पणदऱ्याच्या बाजूचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात.

मी पत्रकं लिहिते. पाच मुद्दे, एक मागणी, खाली फोन नंबर. मालनकाकींवरही पत्रक लिहायला बसले होते. दुसऱ्या मुद्द्यालाच अडकले, कारण काकी मुद्द्यात बसेनात. म्हणून हे असं लांब लिहिते आहे.

काकी शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. वीस वर्षांच्या वर शिजवली. उंचीनं बेताच्या, मनगटं मात्र पैलवानाची, कारण त्या पातेल्यात उलथनं फिरवणं हे काम साधं नाही. सासरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे; काकींचं लग्न झालं तेव्हा कळप विकून झालेला होता आणि घरात एक लोकर कातरायची कात्री आणि तिचे किस्से एवढंच उरलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी इंदापुरात दिलेली. घरी त्या एकट्या आणि आठ कोंबड्या.

त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. ‘नाही’ म्हणायचं असलं की त्या ‘व्हय व्हय’ म्हणायच्या. एकदा ‘व्हय’ म्हणजे होय. दोनदा म्हणजे तुम्ही जा, मी माझं करते. शाळेच्या तीन मुख्याध्यापकांना हे बदलीपर्यंत कळलं नव्हतं.

दुसरी एक सवय. कुठल्याही कामाला हात घालताना म्हणायच्या, “बघू की. बिघडली तर खिचडीच हाय.” पुढं सुतारकाम करायला लागल्यावर त्यातली खिचडी जाऊन लाकूड आलं. बाकी वाक्य तेच.

सुतारकाम सुरू झालं ते कॅरममुळं. शाळेची अडगळीची खोली आवरताना मुख्याध्यापकांनी कडा फुटलेला एक कॅरम बोर्ड काकींना दिला, चुलीत घालायला. काकी “व्हय व्हय” म्हणाल्या आणि बोर्ड घरी नेऊन भिंतीला लावून ठेवला. सेवेतून मोकळ्या झाल्यावर एका बुधवारी तो डोक्यावर घेऊन सभागृहात आल्या. तिथं बचत गटाची बैठक संपून आम्ही बायका सतरंजी गुंडाळत होतो.

“गुंडाळू नका,” काकी म्हणाल्या. “वीस वर्सं सैपाकघराच्या खिडकीतनं पोरांचा खेळ बघितला. मला एक डाव खेळायचा हाय.”

कोणाला येत नव्हतं. काकींनाही नाही. पण सुनंदा नावाची एक सून होती, लग्नाला तीन वर्षं झालेली, माहेर सांगवीचं. तिनं बोर्डावर तांदळाची पिठी भुरभुरली, स्ट्रायकर बोटावर तोलला आणि पहिल्या फटक्यात दोन सोंगट्या घेतल्या. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. “भावाबरं खेळायची मी,” ती खाली बघत म्हणाली, चोरी पकडल्यासारखी. त्या दिवसापासून दर बुधवारी दुपारी तीन ते पाच या वेळात बायकांचा कॅरम सुरू झाला.

जमिनीवर वाकून खेळून सगळ्यांच्या कमरा धरल्या. काकी म्हणाल्या, “टेबल पायजे.” टेबल कोण देणार? काकी म्हणाल्या, “मी करते. बघू की. बिघडलं तर लाकूडच हाय.”

गावात सुतार एकच, नामूतात्या. हल्ली ते सनमायकाची कपाटं करतात आणि जुनी हत्यारं पोत्यात बांधून ठेवतात. काकी रोज सकाळी त्यांच्या मेटावर, म्हणजे कामाच्या जागी, जाऊन बसायला लागल्या. चौथ्या दिवशी तात्या वैतागले.

“काकी, बाईमाणसानं रंधा धरलेला मी काय बघितला न्हाय.”

“मग आज बघा. तुमचं वय झालं, ऱ्हाऊन जायचं.”

पहिले काही दिवस काकींनी फळ्यांची जी दैना केली ती मी डोळ्यांनी पाहिली. रंधा मारला की लाकूड गुळगुळीत होण्याऐवजी उचकटून यायचं. तात्या सांगायचे, रेषा बघा, रेषा. काकींना रेषा दिसायची नाही. मग एकदा त्यांनी फळीवरून तळहात फिरवला, इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि थांबल्या.

“आत्ता गं बया,” म्हणाल्या, “हिचंबी केस एका बाजूलाच पडत्यात की. मेंढी अशीच कातरत्यात. मागनं पुढं कात्री घातली तर कातडं निघतं.”

त्यानंतर त्या आधी फळीवर हात फिरवायच्या आणि मगच रंधा धरायच्या. तात्या दुकानात आलेल्या माणसांना हे सांगायचे, थोडं कौतुकानं आणि थोडं आपण हे कधी म्हणालो नाही या चुटपुटीनं.

पहिलं टेबल झालं बाभळीचं. बांधावरची बाभूळ तोडली आणि आठ दिवसांत टेबल उभं केलं, सोबत चार सुटी स्टुलं. नवशिका माणूस करतो ती चूक काकींनी केली: ओलं लाकूड वापरलं. उन्हाळा लागला, लाकूड वाळलं, आणि टेबलानं अंगाला असा पीळ घातला की बोर्ड एका कोपऱ्याला उतरता झाला. सुनंदा म्हणाली, “काकी, सोंगट्या सगळ्या गावाच्या चावडीकडं पळत्यात.” काकी हसल्या. टेबल घरी नेलं आणि कोंबड्यांना दिलं. स्टुलं चांगली झाली होती. तीन कोंबड्यांकडं गेली, एक काकींनी स्वतःला ठेवलं.

पण पीळ हे त्या टेबलाचं दुखणं नव्हतं. खरं दुखणं वेगळंच होतं.

सभागृहाच्या कोपऱ्यात थंड पाण्याचा जार असतो. गावातली थोरली माणसं दुपारची तिथं पाणी प्यायला येतात. दारात सासरा, चुलत सासरा, थोरला दीर, कोणीही दिसलं की खेळणाऱ्या चौघी उठून उभ्या राहायच्या, पदर सारखा करायच्या, भिंतीकडं सरकायच्या. माणूस पाणी पिऊन गेला की परत बसायच्या. तोवर कोणाची पाळी होती ते विसरलेलं असायचं. एका डावात सात वेळा उठलेल्या मी मोजल्या. सुनंदाचा स्ट्रायकर राणीवर नेम धरलेला असायचा आणि दारात सावली पडली की तिचं बोट आपोआप सैल व्हायचं.

पुरुष काही म्हणत नव्हते. उलट “बसा बसा” म्हणायचे. बसायचं मात्र ते गेल्यावरच.

माझं टाळकं फिरलं. मी बारामतीला जाऊन गुलाबी कागदावर पत्रक छापून आणलं. मथळा: ‘उठू नका!’ मुद्दे पाच. चौथा मुद्दा राज्यघटनेचा होता. बुधवारी वाटलं. सगळ्यांनी वाचलं, घडी करून ब्लाउजात ठेवलं, आणि काकींचे थोरले दीर आबा पाण्याला आले तशा सगळ्या उठल्या.

काकींनी पत्रक बोट लावून सावकाश वाचलं. “झ्याक लिवलंय बाय,” म्हणाल्या. “पण हे डोळं वाचत्यात. पाय कुठं वाचत्यात?”

दुसऱ्या दिवशी त्या घोंगडीच्या सुताचा एक दोरा घेऊन घरोघर हिंडायला लागल्या. बाईला ओट्यावर बसवायचं, पोटापासून गुडघ्यापर्यंत दोरा धरायचा, गाठ मारायची. आम्हाला वाटलं, टेबल बसायला सोयीचं व्हावं म्हणून मापं घेतायत.

या खेपेला लाकूड वाळलेलं होतं. एमआयडीसीत यंत्रं ज्या फळ्यांवर बांधून येतात त्या भंगारवाल्याकडून मिळाल्या, आणि पायांना तात्यांनी मोडक्या बैलगाडीच्या दांड्या दिल्या. कॅरम बोर्ड टेबलातच पक्का बसवला. त्याच्या चार कोपऱ्यांच्या जाळ्या फाटलेल्या होत्या. काकींनी त्या काळ्या लोकरीच्या विणल्या. बाजूला सारीपाट मांडायला एक उलटी होणारी फळी केली. तिच्या रेषा थोड्या वाकड्या आहेत. दोन महिने लागले. अंगठ्याचं नख गेलं, त्याजागी नवं आलं. अंबाड्यात पेन्सिल खोवून काकी देवळातही जायच्या.

टेबल सभागृहात आणलं तेव्हा तात्या डोक्याला हात लावून उभे राहिले. टेबलाच्या चारी बाजूंना चार बाक होते आणि ते टेबलालाच जखडलेले होते. खालून आडवी लाकडं, त्यांची टोकं भोकात ठोकून बसवलेली, वर पाचर. खिळा एक नाही. बाक आणि टेबल यांच्यात अंतर एवढंसं, की कडेनं वाट नाही, बाईनं बाकावरून पाय टाकूनच आत शिरावं आणि गुडघे खाली गेले की तिथंच राहावं.

“काकी, बाक सुटा ठेवायचा असतो,” तात्या म्हणाले. “आता उठायचं म्हणलं तर?”

“एक पाय वर घेऊन बाकावरनं पल्याड टाकायचा.”

“साडीत?”

“चुकलंच जरा,” काकी म्हणाल्या. “नवशिकी हाय मी.”

बायका हसल्या आणि आत शिरून बसल्या. काकींना पाचवी जागा करता आली नव्हती, म्हणून त्या बाजूला आपल्या सुट्या स्टुलावर, हातात खडू घेऊन, गुण मांडायला.

अर्ध्या तासानं आबा पाण्याला आले. चौघींनी उठायची हालचाल केली. उठता येईना. उठायचं तर थोरल्या माणसासमोर पाय वर घेऊन बाकावरून टाकायचा, आणि ते तर न उठण्यापेक्षा मोठं पाप. चौघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग बसल्या जागीच पदर घेतला आणि माना खाली घातल्या. आबा पाणी प्याले, त्यांनी पेला पालथा घातला, टेबलाकडं एकदा पाहिलं आणि गेले.

“कुणाची पाळी?” काकींनी विचारलं.

“माझी,” सुनंदा म्हणाली, आणि राणी घेतली.

त्या दिवसापासून आमच्या सभागृहात कोणी उठलं नाही. मुख्य म्हणजे त्यावरून कुठल्याच घरात भांडण झालं नाही. सासू काही बोलली तर सुनेकडं उत्तर तयार होतं: “काकींनी टेबलच तसलं केलंय बाई, निघताच येत न्हाय.” गावभर काकींच्या सुतारकामाची थट्टा चालली. पारावर कोणी अडखळलं तरी म्हणायचे, मालनकाकीनं केलाय का रं हा पार.

मलाही ती चूकच वाटली होती. पुढं कधीतरी काकींच्या घरी गेले आणि कोंबड्यांच्या खुराड्यात ती पहिली स्टुलं पाहिली. सुटी, चारी पाय भक्कम, कुठं डुगडुगत नव्हती. ज्या बाईनं पहिल्याच झटक्यात अशी स्टुलं केली तिला दुसऱ्या खेपेला बाक सुटे करता आले नाहीत? मी विचारलं.

काकी दाणे टाकत होत्या. “तुझ्या पत्रकात काय हुतं? उठू नका. मग सुनंदीला घरात कोण विचारणार, का गं उठली न्हायस? ती काय सांगणार, पत्रकात लिवलं हुतं? तिला बोल लागतो. टेबलाला लागला तर लागू दे. मला काय, माझं सुतारकाम वाईट, एवढंच.”

मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. मला दोऱ्यावरच्या गाठी कशासाठी होत्या ते तेव्हा समजलं. सोयीचं अंतर नाही, अडचणीचं अंतर त्या शोधत होत्या.

आता तो बुधवार.

ग्रामपंचायतीत दाखले छापायचं नवीन यंत्र आलं. ठेवायला टेबल नव्हतं. नवं टेबल मागवायचं सोडून कोणाला तरी सभागृहातलं आठवलं. मापं घेतली; टेबल बसत होतं, पण बाकांमुळं खुर्ची आत जाईना. म्हणजे बाक कापायचे. तात्यांना बोलावलं तर त्यांनी ताप आल्याचा निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, ताप नव्हता. मग वेल्डिंगवाल्याकडून कटर आणला. बुधवार आहे आणि बायका बसलेल्या आहेत हे त्यांना माहीत होतं. म्हणून उपसरपंच विलासरावांनी आबांना सोबत घेतलं आणि दारातून पुढं घातलं.

मी तिथं नव्हते. मी बारामतीत छापखान्यात होते, ‘खेळणं हा बायकांचा हक्क आहे’ या पत्रकाचं प्रूफ तपासत. पुढचं सुनंदानं सांगितलं तसं लिहिते.

“विलासराव म्हणालं, काकी, गावाचंच काम हाय, तुमी काय जमिनीवर बी खेळताल. काकी म्हणाल्या, व्हय व्हय. आमाला वाटलं, आता काकी ऐकत न्हाईत. आमी बसूनच. मग आबा पुढं आलं. बोललं काय न्हाईत. नुसतं हुभं ऱ्हायलं. आन काकी स्टुलावरनं उठल्या.”

“उठल्या?”

“उठल्या. पदर घेतला आन भिंतीला सरकल्या. काकीच उठल्यावर आमी काय करणार?”

“तुम्ही कशा उठलात?”

“पाय टाकला की. चौघींनी. आबांनी तेवढं तोंड तिकडं फिरवलं.”

कटरला चार बाकांसाठी दहा मिनिटंही लागली नाहीत. टेबल पंचायतीत गेलं. आज त्यावर ते यंत्र आहे. कॅरम यंत्राखाली झाकला गेलाय, पण लोकरीच्या दोन जाळ्या पुढून अजून दिसतात; त्यात टाचण्या ठेवतात. कापलेले बाक सभागृहाच्या मागं पत्र्याखाली पडलेत. मी अर्ज केला. उत्तर आलं की टेबल सार्वजनिक कामासाठी वापरात आहे. बायकांचं खेळणं हे सार्वजनिक काम नाही, हे मला लेखी मिळालेलं आहे. ते मी जपून ठेवलंय.

आठवड्यानं काकींनी कोंबड्या सुनंदाकडं दिल्या आणि मुलीकडं इंदापूरला गेल्या. लोकांना वाटलं दिवाळीला गेल्या. दिवाळी झाली, संक्रांत झाली, त्या आल्या नाहीत.

मग मीच गेले. एस.टी. निमगाव केतकीपर्यंत भरलेली होती, पुढं बसायला मिळालं. मुलीच्या घराच्या ओट्यावर काकी त्याच सुट्या स्टुलावर बसून करवतीच्या दातांना कानस मारत होत्या. अंबाड्यात पेन्सिल होती. मला बरं वाटलं.

मी विलासरावांवर घसरले, आबांवर घसरले. काकींनी ऐकून घेतलं. कानस फिरतच होती.

“आबांचा राग कशाला?” त्या म्हणाल्या. “त्यांनी मला उठ म्हणलं न्हाय. मी उठले. पोरी आत अडकलेल्या हुत्या, त्या बसून ऱ्हायल्या असत्या. बाईवर कटर घालायची छाती हाय का त्यांची? चौघींना पक्कं जखडलं आन सोताला सुटं स्टूल. तितं चुकलं माझं.”

“ही खरी चूक का काकी?”

“ही खरी.” मग म्हणाल्या, “आता त्या भोकात जुनं लाकूड परत बसायचं न्हाय. लोखंडाची पट्टी लागंल, नटबोल्ट लागतील. सोळा-सतराचा पाना. आन पाचवी जागा.”

“मग परत याल ना?”

“व्हय व्हय,” काकी म्हणाल्या.

मी उठले, चप्पल घातली. तेवढ्यात मुलीचे सासरे बाहेरून आले. धोतर, हातात पिशवी, वयानं आबांएवढे. काकींनी कानस खाली ठेवली, एक हात गुडघ्यावर टेकला आणि उठायला लागल्या. अर्ध्यात थांबल्या. तोंड जरा वाकडं केलं, परत स्टुलावर टेकल्या.

“गुडघा धरला बघा,” त्यांना म्हणाल्या. “या, बसा.”

सासरे पलीकडं ओट्यावर टेकले आणि पिशवीतून भाजी काढायला लागले. काकींनी गुडघा दोनदा चोळला आणि करवत उचलली. गुडघा खरंच धरला होता की तो ‘नवशिकी हाय मी’ मधला होता, मला सांगता येणार नाही. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

उन्हाळ्यात काकी गेल्या. इंदापुरातच, झोपेत. मुलीनं हत्यारांची पिशवी सुनंदाकडं पाठवली. करवतीला धार आहे.

आता तुमच्याकडं मागणी. श्रद्धांजली नको, सभा नको, माझ्या अर्जाखाली सहीसुद्धा नको. येत्या बुधवारी दुपारी तीन वाजता तुमच्या गावच्या सभागृहात जा. बाई असाल तर मधोमध बसा, सोबत चौघी घ्या, आणि दारात कोणीही आलं तरी उठू नका. विचारलंच कोणी तर गुडघा धरलाय म्हणून सांगा. आणि पुरुष असाल तर दारात उभं राहून “बसा बसा” म्हणायची मेहेरबानी करू नका. येताना एक वाळलेली फळी आणि सोळा-सतराचा पाना घेऊन या, खाली वाका आणि बाक टेबलाला घट्ट जोडून द्या. बाक पाच करा.